खून कुणाचा, सजा कुणाला

पेण-रोह्याच्या पोरांनो, रोमचा न्याय ऐका. इ.स. ६१. नगरप्रमुख पेडॅनियसला त्याच्या एका गुलामानं मारलं. सजा? घरातले ४०० गुलाम ठार, बायापोरांसकट. उलट परक्यानं गुलाम मारला, तर मालकाला भरपाई. ढोर मेल्यासारखी.

मनूचं मापही तेच : जात बघून सजा. ते पुस्तक आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ ला जाळलं. पण २००६ ला भंडाऱ्यातल्या खैरलांजीत दलित कुटुंबातले चौघे मारले, तेव्हा कोर्टाला खून दिसला, जात दिसली नाही. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम गळालं.

पुस्तक जळालं, माप शाबूत आहे. म्हणून आपला माणूस मारला गेला की आधी एफआयआर वाचा. कलम नसेल तर ठाण्यातून हलू नका.