निळा रंग नकाशाचा, माणसांचा नव्हे

अमेरिकेच्या निवडणुकीच्या रात्री फोनवर नकाशा उघडा. कॅलिफोर्नियातलं मतदान संपायचा अवकाश, की राज्य निळं होतं. आपणही म्हणून मोकळे होतो, ‘कॅलिफोर्निया काय, डेमोक्रॅटच!’

आता २०२० चे आकडे बघा. कॅलिफोर्नियात बायडन यांना सुमारे १ कोटी ११ लाख मतं मिळाली आणि ट्रम्प यांना ६० लाख. ट्रम्प यांचा गड समजल्या जाणाऱ्या टेक्सासने त्यांना दिली सुमारे ५९ लाख. म्हणजे त्या वर्षी ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं देणारं राज्य होतं कॅलिफोर्निया!

तरी तिथले ५५ च्या ५५ इलेक्टर बायडन यांना गेले. साठ लाख माणसं रांगेत उभी राहिली, टपालाने मतपत्रिका पाठवली, आणि हिशेबात त्यांची किंमत शून्य. टेक्सासात बायडन यांच्या ५२ लाख मतदारांचंही तेच झालं.

‘राज्यघटनाच तशी आहे,’ असं सांगितलं जातं. साफ चूक. इलेक्टर कसे नेमायचे हे घटनेने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय. मेन आणि नेब्रास्का आपले इलेक्टर विभागून देऊ शकतात. बाकीच्यांना ‘जिंकेल त्याला सगळं’ सोयीचं आहे, एवढंच.

मग कॅलिफोर्निया का बदलत नाही? मतांच्या प्रमाणात वाटणी केली असती, तर १९च्या आसपास इलेक्टर ट्रम्प यांना गेले असते. टेक्सासने मात्र आपले सगळे राखले असते. एकट्याने शस्त्र कोण खाली ठेवणार? म्हणूनच देशभरातल्या एकूण मतांवर अध्यक्ष ठरवण्याच्या आंतरराज्य करारात कॅलिफोर्निया २०११ मध्ये सामील झाला. पण सामील राज्यांचे मिळून २७० इलेक्टर होईपर्यंत तो करार कागदावरच.

तोवर काय होतं? २०२० मध्ये बायडन देशभरात ७० लाख मतांनी पुढे होते. पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून त्यांची आघाडी होती जेमतेम ४३ हजारांची. ती तीन राज्यं हातची गेली असती, तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. उमेदवार प्रचाराला कुठे धावतात, याचं उत्तर यातच आहे.

या पद्धतीत मत मोजतात सगळ्यांचं, धरतात मोजक्यांचं. पुढच्या वेळी नकाशा रंगेल तेव्हा रंग बघून थांबू नका. खालचे आकडे उघडा. ती साठ लाख माणसं तिथेच सापडतील.