पायाखालची वाहवा

परवा देवळीहून भाचा आला. खांद्याला गिटार, हातात मोबाईल आणि तोंडी एकच विषय. 'मामाजी, मले वा-वा घ्याची आहे. तुमी नागपूरले चालता का जी?' स्वयंपाकघरातून आमच्या सौ. डोकावल्या. त्यांना वाटलं, पोरगा गझलेच्या मैफलीला निघाला आहे. वा-वा ही दाद असते. ती विकतही मिळते हे आमच्या घराला त्या दिवशी नव्यानंच कळलं.

ज्यांच्या घरात हा विषय अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वा-वा पेडल म्हणजे शिवणयंत्राच्या पायट्यासारखी, पण एका पावलापुरती, धातूची डोलणारी पट्टी. इलेक्ट्रिक गिटारची वायर तिच्यातून जाते आणि मग अ‍ॅम्प्लिफायरला पोचते. चवडा दाबला की आवाज उघडतो, टाच दाबली की मिटतो. ओठ 'उ'वर मिटलेले असताना हळूहळू 'आ' करून पाहा. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि 'वा' उमटतो. पेडल नेमकं हेच विजेनं करतं. १९७०च्या दशकातल्या हिंदी चित्रपटांत पाठलाग सुरू झाला की मागे 'वका-चका, वका-चका' अशी गिटार वाजायची. ती कानावरून गेली नाही असा वाचक विरळा.

एक गैरसमज मात्र पहिल्याच फटक्यात दूर करायला हवा, कारण खरेदीतल्या चुका तिथूनच सुरू होतात. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की घुमारा चढतो, तिथे स्वरच बदलतो. वा-वामध्ये स्वर जागच्या जागी राहतो; बदलतो तो त्याचा रंग. आपल्याकडचं तिचं खरं नातं मोरचंगाशी. त्यातही पट्टी एकच स्वर देते आणि बाकी सगळं तोंड करतं.

तर, प्रश्न पैशांचा होता. नावाजलेल्या कंपनीचं नवं पेडल क्विंटलभर कापसाच्या पैशांच्या आसपास जातं. भाऊजी कापूस पेरतात, त्यामुळे घरात सगळे हिशेब याच मापात होतात. ताईनं सरळ विचारलं, 'पायानं दाबाले एवढे पैसे?' भाचा चिडला. मला मात्र ताईचा प्रश्न रास्त वाटला. पैसे त्याचेच होते हे खरं; नवरात्रात देवीच्या मंडपांतून आणि १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमांतून ऑर्केस्ट्रात वाजवून त्यानं ते साठवले होते. पण प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, आणि ते उत्तर 'अमका मोठा वादक हीच वापरतो' हे असू शकत नाही.

भाच्याकडे नेमकं तेच उत्तर होतं. मोबाईलवर त्यानं शेकडो वादक पाहिले होते. कुठलं मॉडेल कुणाच्या पायाखाली असतं हे त्याला तोंडपाठ. जिमी हेंड्रिक्सनं १९६८मध्ये 'व्हूडू चाइल्ड'च्या सुरुवातीला तारा नुसत्या दाबून, सूर न काढताच या पेडलवर कशी खडखड बोलती केली, हे त्यानं मला तीनदा ऐकवलं. १९७१च्या 'शाफ्ट' या अमेरिकी चित्रपटाचं शीर्षकसंगीतही ऐकवलं. त्यातली चार्ल्स पिट्स यांची गिटार म्हणजे या पेडलचा पाठच आहे. ऐकून मीही खूश झालो. पण दुसऱ्याचा पाय ऐकून आपल्या पायाचं माप कसं कळणार?

खरं तर या वस्तूचा जन्मच नाव आणि काम यांच्या गफलतीतून झालेला. १९६६मध्ये कॅलिफोर्नियातली थॉमस ऑर्गन कंपनी व्हॉक्सच्या अ‍ॅम्प्लिफायरमधलं एक महागडं बटण स्वस्त करू पाहत होती. ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्यानं बटणाऐवजी फिरता पॉट लावला. पॉट फिरवताना आवाज 'वा' म्हणू लागला, तेव्हा तो ऑर्गनच्या आवाज कमी-जास्त करायच्या पेडलमध्ये बसवून पाहिला. कंपनीनं १९६७मध्ये ते बाजारात आणलं आणि नाव दिलं क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाचं! ट्रम्पेटच्या तोंडाशी अडसर धरून ते असाच आवाज काढत, म्हणून. म्हणजे गिटारच्या पेडलवर पहिलं मोठं नाव लागलं ते गिटार न वाजवणाऱ्याचं. नावाला किती भुलायचं ते यावरून ठरवावं.

एका रविवारी आम्ही नागपूरला गेलो. दुकान झकपक. काचेमागे डनलॉपची 'क्राय बेबी' होती, व्हॉक्सची होती, आणखी चार-पाच होत्या. 'लावून दाखवता का?' असं विचारल्यावर उत्तर आलं, 'सील फोडत नाही. घेतली की घरी ऐका.' अहो, आमच्याकडे बैल घेताना दात पाहतात, टरबूज घेताना थापटून पाहतात, आणि क्विंटलभर कापूस मोजून घ्यायची वस्तू ऐकायची नाही? आम्ही रसवंतीवर उसाचा रस पिऊन गाडीनं परत आलो. लहान गावातल्या पोरांची खरी अडचण पैशांइतकीच ही आहे. वस्तू घरपोच येते, पण हात लावून पाहायची सोय येत नाही.

मग कुणीतरी हिंगणघाटच्या एका जुन्या वादकाचं नाव सुचवलं. आता लग्नाची कामं घेत नाहीत. घरी दोन पेडल आहेत. त्यांनी भाच्याला गिटार काढूच दिली नाही. म्हणाले, 'आधी तोंडानं म्हण, वा. लवकर म्हण, हळू म्हण, अर्ध्यात थांबव.' पोरगा लाजला, पण म्हणाला. मग म्हणाले, 'आता हेच पायानं कर.' पहिली दहा मिनिटं पाय ठेक्याबरोबर नुसता वरखाली होत होता, ताई मशीन चालवते तसा. हळूहळू तो अर्ध्यात थांबू लागला, आणि त्या थांबण्यात आवाजाला एक नाकातला, बोलका कंगोरा आला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

निवडीचं शास्त्र मला तिथे कळलं, ते असं. दोन्ही पेडल एकाच गिटारवर लावली तर एकीचा आवाज टाचेकडे फार बोदा होत होता, दुसरीचा चवड्याकडे कानात टोचत होता. कुठून कुठवर आवाज सरकतो ही पेडलची झेप, आणि ती आपल्या गिटारला मानवते का हे ऐकूनच ठरतं. खाली घुमणाऱ्या गिटारला एक बरी, पातळ किणकिणीला दुसरी. शिवाय काही पेडल बंद असतानाही गिटारचा तजेला थोडा खातात. लांब वायर टाकली की ते जास्त जाणवतं. म्हणून पेडल चालू असताना ऐकावं तसं बंद ठेवूनही ऐकावं. हे फार थोडे करतात.

दुसरी गोष्ट कुठल्याही मोबाईलवर सांगितलेली नव्हती. आपल्याकडे देवीच्या मंडपात चपला काढून वाजवावं लागतं. बहुतेक वा-वा पेडलचं बटण चवड्याखाली असतं आणि ते चालू करायला नेटानं दाबावं लागतं. परदेशातल्या बूट घातलेल्या पायाला ते काहीच नाही. अनवाणी पायाला, नऊ रात्री, दर गाण्यात चारदा दाबायचं म्हटलं तर सातव्या दिवशी बोटं बोलू लागतात. स्प्रिंगची, पाय ठेवला की आपोआप चालू होणारीही मिळतात. तेव्हा चप्पल काढूनच पारखावं.

तिसरी गोष्ट धुळीची. पट्टीखाली दात्यांवर फिरणारा पॉट असतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत त्यात धूळ गेली की खरखर सुरू. काही पेडलमध्ये पॉटऐवजी प्रकाशाचा दिवा आणि पडदा असतो, त्यांना घासायला काही नाही. ज्याला गावोगाव ट्रॅक्टर-ट्रॉलीवर उभं राहून वाजवायचं आहे त्यानं याचा विचार जरूर करावा. आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवणाऱ्यांनो, वाजवून झालं की गिटारकडची वायर उपसून ठेवा. वायर आत असली की बहुतेक पेडल जागंच राहतं आणि बॅटरी उगाच खर्च होत राहते.

आता खऱ्या वादाकडे. भाच्याच्या मित्रांचं म्हणणं असं, की तेवढ्याच पैशांत शे-दोनशे आवाजांचा प्रोसेसर मिळतो. त्यात वा-वाही आहे, वर एक डोलणारी पट्टीही. मग एकाच आवाजाचा डबा कशाला? हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. ज्याचं पोट ऑर्केस्ट्रावर आहे, ज्याला एका रात्री लावणी, भीमगीत, भजन आणि हिंदी गाणी वाजवायची आहेत, त्यानं प्रोसेसरच घ्यावा. त्यात कमीपणा नाही. पण भाचा १९ वर्षांचा आहे. दोनशे आवाज हाताशी असले की बोट बटणावर जातं आणि गाण्यागणिक कुणाचा तरी आवाज उचललं जातं. एकच आवाज असला की त्याच्यात काय काय दडलंय ते शोधावं लागतं. माझं मत वा-वाच्या बाजूनं पडलं ते एवढ्यासाठी. पेटीवालासुद्धा पेटी बदलत नाही, भाता बदलतो. त्या पेटीला तरी आपण कुठे सहज आत घेतलं? परकी म्हणून १९४०मध्ये आकाशवाणीनं तिला दार बंद केलं, ते १९७१पर्यंत. आज तिच्यावाचून भजनी मंडळाचं पान हलत नाही.

भाचा दोन दिवस बोलला नाही. मग हिंगणघाटला परत गेला आणि त्या गृहस्थांच्याच ओळखीनं एक जुनी वा-वा निम्म्या किमतीत घेऊन आला. झेप त्याच्या गिटारला साजेशी, बटण मऊ. दोष एकच, पॉट खरखरतो. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा साधा पॉट चालत नाही. दाते जुळत नाहीत, आणि जुळवला तरी सगळा 'वा' पट्टीच्या एकाच कोपऱ्यात गोळा होतो. बरोबरचा मागवला आहे, अजून आलेला नाही. तोवर भाचा संध्याकाळी ओसरीवर अनवाणी बसून तसाच वाजवतो. उरलेल्या पैशांतून त्यानं भाऊजींच्या फवारणीच्या पंपाला नवी बॅटरी घेतली. परवा फोनवर ताई सांगत होती, 'पोट्टा आता मशीनसारखा पाय नाही हालवत. पण त्याच्या डब्यात उंदीर शिरल्यावानी वाजते रे, तुमच्याइकडं भेटत असंन काही तर पाहाजो.'