तिसरा जोड कशाला?

दिवाळीच्या खरेदीविरुद्ध बोलणाऱ्याला फराळाच्या ताटावरून उठवतात, हे ठाऊक असूनही मी बोलणार आहे. निमित्त माझ्या भाच्याचे. हा पुण्याचा गृहस्थ दर फेब्रुवारीत दहा दिवस गुलमर्गला बर्फावर घसरायला जातो. स्कीचे दोन जोड त्याच्यापाशी आहेत. यंदाच्या बोनसमधून तिसरा घ्यायचा बेत आहे. "मामा, सगळा बर्फ सारखा नसतो," असे तो मला शिकवतो.

हे खरे आहे, आधीच कबूल करतो. मी स्वतः बर्फावर एकदाच उभा राहिलो आणि लगेच बसलो. पण कादंबरी लिहिणाऱ्याला दुसऱ्याचे खोदून खोदून विचारायची खोड असते. यंत्राने दाबून घट्ट केलेल्या उतारावर मध्यभागी ७५-८० मिलिमीटर रुंदीची स्की बरी. तिची पोलादी कड चटकन चावा घेते. गुडघाभर भुसभुशीत बर्फात मात्र तीच रुतते. तिथे ११० मिलिमीटरच्या आसपासची, टोके उचललेली स्की तरंगते. चिखलावर फळी टाकावी तशी. आणि पाळणा जात नाही तिथे आपल्या पायांनी चढायचे, तर वजनाला हलकी, चढताना टाच मोकळी ठेवणारी स्की हवी. तिच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही.

"म्हणजे जोड तीन झालेच की!" भाचा म्हणतो. इथेच माझे भांडण आहे. बर्फाचे प्रकार किती, हे दुकानदार पाठ म्हणून दाखवतो. आपले दिवस किती, हे कोणी मोजत नाही. मी पडलो गणिताचा मास्तर. त्याचे मागच्या वर्षीचे दहा दिवस वहीत मांडून घेतले. वाऱ्यामुळे वरचा पाळणा बंद, दोन दिवस. खालच्या दाबलेल्या उतारावर, सहा. ताजा बर्फ, दोन. चढाई, शून्य! त्या दोन दिवसांचा रुंद जोड एरवी माळ्यावर पडून असतो. गुलमर्गलाच तो भाड्याने मिळाला असता. आता शून्य दिवसांसाठी तिसरा. शिवाय या हलक्या स्कीच्या पकडीत बसणारे बूट वेगळे. ते दुकानदार सर्वांत शेवटी सांगतो.

नॉर्वेत दिगेरवार्डेन येथल्या बर्फातून २०१४ साली एक स्की निघाली, २०२१ साली तिची जोडीदारीण. वय सुमारे १३०० वर्षे, आणि अंगावर दुरुस्तीच्या खुणा! असो.

दुसरा जोड घेऊच नये, असे मी म्हणत नाही. जो दर हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे डोंगर चढतो, त्याने हलका जोड जरूर घ्यावा. अनोळखी सामान घेऊन त्याने तिकडे जाऊही नये. पण त्याच्याही यादीत स्कीच्या वर काही लिहिलेले असले पाहिजे. गुलमर्गचा पाळणा २००५ पासून अफरवटच्या अंगावर, समुद्रसपाटीपासून ३९०० मीटरच्याही वर पोचवतो. राखलेला उतार सोडला की पुढे डोंगर मोकळा. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे हिमकडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू गेले; २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. गाडल्या गेलेल्याला सोबत्यांनीच शोधायचे असते, आणि पहिली दहा मिनिटे गेली की आशा झपाट्याने मावळते. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर बीकन हवा, पाठीवर लांब सळई आणि फावडे हवे. रुंद स्की माणसाला नेमकी त्याच बाजूला नेते.

"त्या दोन दिवसांत तुझ्याजवळ यांतले काय होते?" मी विचारले.

"मित्राजवळ बीकन होता."

"तो गाडला गेला असता, तर तू त्याला कशाने शोधणार होतास?"

"सणासुदीला हे काय बोलणे, दादा!" म्हणत बहिणीने चकल्यांचे ताट माझ्यापुढून उचलले. भाचा मात्र काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने माझी वही मागून घेतली.