न उलटलेल्या दगडांची यादी

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, अगदी लॅपटॉप बंद करता करता, एक मेल येऊन पडला. नवीन रिलीजची तारीख, खाली आठ जणांची नावं (त्यात माझं तिसरं) आणि शेवटी ठळक अक्षरात ते जगप्रसिद्ध वाक्य : या वेळी 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड'! त्याखाली पाच मिनिटांत तीन अंगठे आणि एक 'शुअर सर'. माझं मात्र डोकं फिरलं. म्हटलं, शनिवारी सकाळी चहा घेऊन बसायचं आणि या वाक्याचा एकदा निकाल लावायचा. तर मंडळी, बसलोय.

शब्दशः अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. एकही दगड न उलटता सोडायचा नाही, म्हणजे सगळीकडे शोधायचं, सगळे उपाय करून बघायचे. आपल्याकडे यासाठी झकास शब्द आहेत. गाव पालथं घालणं, जंग जंग पछाडणं, परिसर पिंजून काढणं. यातलं पिंजून काढणं मला फार आवडतं. कापूस पिंजणाऱ्याला विचारा, त्याच्यासमोर ढीग असतो आणि किती पिंजून झाला, किती राहिला हे कोणालाही दिसतं. थापा मारायची सोयच नाही.

गंमत म्हणजे इंग्रजीतल्या दगडांचंही मूळ असंच आहे. ही म्हण ग्रीकांची. युरिपिडीसच्या नाटकात ती सापडते, म्हणजे चांगली चोवीसशे वर्षं जुनी. तिच्यामागची गोष्ट अशी सांगतात : इसवी सनपूर्व ४७९ मध्ये प्लॅटियाच्या लढाईत इराणी सेनापती मार्डोनियस मारला गेला. त्याने आपल्या तळावर खजिना पुरून ठेवलाय अशी वदंता होती. थीब्जच्या पॉलिक्रॅटीस नावाच्या माणसाने ती जागा विकत घेतली, खूप खणलं, काही मिळेना. शेवटी तो डेल्फीच्या देवळात कौल लावायला गेला. उत्तर आलं, प्रत्येक दगड हलव. त्याने हलवले आणि खजिना मिळाला म्हणे.

आता या गोष्टीत एक बारीकसा मुद्दा आहे, जो मेल लिहिणारे सगळे विसरतात. पॉलिक्रॅटीसने आधी जमीन विकत घेतली होती. तिला हद्द होती. हद्दीच्या आत मोजता येतील इतके दगड होते, आणि ते हलवणारा माणूस एकच होता, तोच स्वतः. म्हणजे जागा ठरलेली, दगड मोजलेले, माणूस ठरलेला. या तीन गोष्टी असतील तर 'प्रत्येक दगड' या शब्दांना अर्थ आहे.

आमच्या मेलमध्ये तिन्ही नसतात. आणि फक्त आमच्याच कशाला? कुठेही पूल पडला, आग लागली, पेपर फुटला की संध्याकाळी टीव्हीवर कोणीतरी सांगतं, 'तपासात कोणतीही कसर सोडली जाणार नाही.' शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकलो, त्याचा खरा उपयोग इथे कळतो. वाक्यातून कर्ता गायब! कोण सोडणार नाही? कशाची कसर? कधीपर्यंत? एकाही प्रश्नाला उत्तर नाही, तरी ऐकणाऱ्याला वाटतं की बाबा काहीतरी जोरात चाललंय.

माझा दावा असा आहे की हे वाक्य कसून काम करायची शपथ नाहीच. किती काम झालं हे मोजण्यापासून सुटायची ती पळवाट आहे.

आणि आमच्या धंद्यात तर ते सरळ सरळ खोटं आहे. साधं उदाहरण घ्या. दोन संख्यांची बेरीज करणारं एक फंक्शन. दोन्ही संख्या ३२ बिटच्या. सगळ्या जोड्या तपासायच्या तर त्या होतात २ चा ६४वा घात, म्हणजे एक वीस आकडी संख्या. सेकंदाला एक अब्ज जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८४ वर्षं लागतील. एका बेरजेला! आमची रिलीज तीन आठवड्यांनी आहे. :-)

म्हणजे दगड राहणारच. ज्याला हे माहीत नाही तो इंजिनियर नाही आणि ज्याला माहीत असून तो 'एकही राहणार नाही' म्हणतो तो... जाऊ दे. शितावरून भाताची परीक्षा करतात, ती चालते, कारण अख्खा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजलेला असतो. सॉफ्टवेअरमधलं प्रत्येक शीत वेगळ्या पातेल्यातलं. म्हणून कुठली शितं दाबून बघितली आणि कुठली नाही, हे सांगणं हाच प्रामाणिकपणा.

हे ज्ञान मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. ते कसं मिळालं ते सांगतो, आणि त्यात मी काही हिरो नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका परदेशी दुकानांच्या साखळीसाठी बिलिंगचं काम करत होतो. टीममध्ये एक नवीन टेस्टर होती, कॉलेजमधून नुकतीच आलेली. तिने रिलीजच्या आदल्या दिवशी रिपोर्ट दिला. त्यात शेवटचं पान होतं, 'न तपासलेल्या गोष्टी'. एकूण १४ ओळी आणि प्रत्येकीपुढे कारण. नववी ओळ साधारण अशी : दोन सवलती लागलेली वस्तू ग्राहकाने परत केली तर काय होतं हे बघितलेलं नाही, कारण तसा डेटा मिळाला नाही.

मी ते पान उडवलं. मला कोणी सांगितलंही नव्हतं. मीच म्हटलं, 'अगं, हे क्लायंटला कशाला दाखवायचं? उगाच शंका काढतील.' आणि वर कव्हरिंग मेलमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं, 'वी हॅव लेफ्ट नो स्टोन अनटर्न्ड.' वाक्य टाइप करताना बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तीन आठवड्यांनी नववी ओळ फुटली. परत केलेल्या वस्तूंचे पैसे भरलेल्या रकमेपेक्षा जास्त जात होते. कॉल लागला, क्लायंटकडचे चार, आमचे सहा. कोणीतरी विचारलं, 'टेस्टिंगमध्ये हे कसं सुटलं?' आणि आमच्याकडून तिचं नाव घेतलं गेलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'सॉरी, माझ्याकडून राहिलं.'

मी म्यूटवर होतो.

तिचा मूळ रिपोर्ट माझ्या मेलबॉक्समध्ये होता. शोधायला दहा सेकंद लागले असते. मी दुसऱ्या दिवशी मॅनेजरला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, 'ठीक आहे, पुढच्या वेळी काळजी घेऊ.' घटनेच्या अहवालात 'टेस्टिंगमधील त्रुटी' हे शब्द तसेच राहिले. ती आता दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे. भेटली की हसते, पण तिच्या हल्लीच्या रिपोर्टमध्ये ते शेवटचं पान नसतं असं ऐकलं. आम्ही तिला ते शिकवलं. मी शिकवलं.

यापेक्षा कितीतरी महाग उदाहरण युरोपात घडून गेलंय. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि ४० सेकंदांच्या आसपास ते फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटची एक संख्या १६ बिटमध्ये कोंबताना मावली नाही. चौकशी समितीच्या अहवालात एक तपशील आहे. अशा सात संख्यांकडून धोका आहे हे इंजिनियरांना आधीच माहीत होतं. कॉम्प्युटरवर ताण नको म्हणून चारांना संरक्षण दिलं, तीन तशाच सोडल्या. एरियन ४ साठी तो निर्णय चालून गेला, कारण त्या संख्या तिथे तेवढ्या मोठ्या होतच नव्हत्या. पण तोच कोड नव्या, जास्त ताकदवान रॉकेटवर चढवला आणि तीन का सोडल्या याचं कारण त्या कोडमध्ये लिहिलेलं नव्हतं. दगड राहिला हा गुन्हा नव्हता. राहिलेल्या दगडाची नोंद पुढच्या माणसाच्या हातात पडली नाही, इथे घात झाला.

आता काही मित्र म्हणतील, 'अरे, नुसती बोलण्याची पद्धत आहे ती. एवढं काय शब्दात पकडायचं?' मान्य, म्हण आहे. घरी किल्ली हरवल्यावर खुशाल वापरा. पण ज्या कागदावर सही होते, ज्याच्या जोरावर उद्या कोणाला तरी जाब विचारला जातो, तिथे ती म्हण राहत नाही, ती साक्ष होते. आणि ती खोटी निघाली की भोगतो तो साक्ष देणारा नाही, सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. यादी दिली तर क्लायंट घाबरेल, काम जाईल. जाईलही एखादं. पण दगड तर तिथेच आहे ना? यादी लपवली म्हणून त्याखालचा विंचू मरत नाही. उलट यादी दिली तर क्लायंट म्हणू शकतो, 'नववी ओळ आम्हाला महत्त्वाची आहे, डेटा आम्ही देतो, दोन दिवस उशीर चालेल.' तेव्हा आम्ही त्याला तो प्रश्न विचारलाच नाही.

असो. चहा कधीच संपला. सोमवारी मी त्या मेलला 'रिप्लाय ऑल' करणार आहे. अंगठा नाही. एक शीट, तीन रकाने : काय तपासणार, कोण तपासणार, आणि काय तपासणार नाही व का. शिवाय मूळ मेल जोडून दोन वर्षांपूर्वीच्या त्या नवव्या ओळीबद्दल एक परिच्छेद, ती कोणी लिहिली होती आणि कोणी उडवली होती, नावासकट. हे त्या कॉलवर म्हणायला हवं होतं. उशीर झालाय, पण तो एक दगड तरी मला स्वतःच्या हाताने उलटता येईल.