पायडलाची वाहवा

दिवाळी अंकात या सदराला नेहमीच्या दुप्पट जागा मिळते. मोठा डबा हातात आला की आता यात भरायचे काय, या विचाराने गृहिणी जशी चिंतेत पडते, तशी मीही दर वर्षी पडते. या वर्षी मात्र तो प्रश्न आला नाही. गेल्याच भाऊबीजेला माझ्या हातून एक चूक झाली, आणि चुकीइतका खमंग पदार्थ दुसरा नाही. अर्थात ती दुसऱ्याची असली तर. तेव्हा वाचकहो, हा माझ्याकडचा फराळ गोड करून घ्या.

माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, निवृत्तीनंतर वहिनींसह मुळशी तालुक्यातल्या भरे गावी राहायला गेला. पौड रस्त्याने पिरंगुटला पोचले, की तिथून घोटावड्याच्या वाटेला हे गाव लागते. आता त्या भागात कारखानेही पुष्कळ झाले आहेत. तरी दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी चालू असते आणि अंगणात बसले की त्या कापलेल्या भाताचा वास येतो. या अंगणात, वयाच्या पंचाहत्तरीला टेकलेला माझा भाऊ संध्याकाळी गिटार घेऊन बसतो आणि उजव्या पायाने एक लोखंडी पायडल दाबत असतो. या लेखाचा नायक तो पायडल. दादा दुय्यम भूमिकेत आहे, हे त्यालाही मान्य असावे.

हा पायडल म्हणजे शिवणयंत्राच्या पायडलाचे धाकटे भावंड. गिटारची तार त्यात जाते, त्यातून निघून अॅम्प्लिफायरला जाते. गिटारवाले त्याला 'वावा' म्हणतात. त्याचा आवाज कसा, हे ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी घरात पाहुणे नाहीत याची खात्री करून घ्यावी, ओठांचा चंबू करून 'ऊ' म्हणावे आणि आवाज न तोडता हळूहळू तोंड 'आ'पर्यंत उघडावे. झाला 'वा'! तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला की आवाजातला निरनिराळा भाग उठून दिसतो, आणि त्यालाच आपण स्वर बदलला म्हणतो. पायडल नेमके हेच करतो. टाच दाबली की गिटार 'ऊ' म्हणते, चवडा दाबला की 'आ' म्हणते. आपल्याकडे गवयाला वाहवा श्रोते देतात. हे वाद्य स्वावलंबी आहे, ते आपली वाहवा आपणच करून घेते.

त्याचा जन्मही मौजेचा आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या 'थॉमस ऑर्गन' कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण इंजिनिअर एका अॅम्प्लिफायरमधला महाग स्विच काढून तेथे स्वस्तातला पॉट बसवण्याच्या खटपटीत होता. पॉट म्हणजे रेडिओचा आवाज लहानमोठा करायला फिरवतो, ती आतली वस्तू. तो फिरवताच गिटार बोलू लागली! मग हात गिटारवर अडकलेले म्हणून तो पॉट पायाने फिरवावा, असे ठरले. त्यासाठी पेटी कोणती घेतली, तर ऑर्गनच्या आवाजाचा पायडल. आपल्या संगीत नाटकांत बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनची साथ असे आणि वाजवणारा पायाने भाता हलवीत असे, हे ज्यांनी आजोबांकडून ऐकले असेल, त्यांना हे नाते परके वाटू नये.

कंपनीच्या मनात हा जिन्नस ट्रम्पेटवाल्यांसाठी होता. ट्रम्पेटच्या तोंडाशी झाकण धरून असा 'वा वा' काढण्याची रीत जुनीच. तिच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या क्लाइड मॅकॉय या वादकाचे नाव आणि चित्रसुद्धा पहिल्या पायडलांवर होते. पण १९६७ साली तो बाजारात आला आणि गिटारवाल्यांनी पळवला. एरिक क्लॅप्टनने त्याच वर्षी ध्वनिमुद्रणात वापरला, जिमी हेन्ड्रिक्सने १९६९ साली वुडस्टॉकच्या मैदानात ऐकवला. १९७१ च्या 'शाफ्ट' या चित्रपटाच्या संगीताने तो घरोघर पोचवला. पुढे आपल्या हिंदी चित्रपटांतही नायक खलनायकाच्या मोटारीमागे धावू लागला, की त्याची 'वाकाचिका वाकाचिका' ऐकू येई. याच पायडलाच्या दुसऱ्या एका अवताराचे नाव 'क्राय बेबी', म्हणजे रडके पोर. आमच्या वहिनींना हे नाव कुणी न सांगताच सुचले होते.

दादाने त्याचा पायडल १९७३ साली मुंबईला घेतला. परदेशी माल सरळ दुकानात मिळण्याचे ते दिवस नव्हते. बोटीवर नोकरी करणारा एक गोवेकर वादक तो घेऊन आला होता. दादाने त्यासाठी दीड महिन्याचा पगार मोजला. इटलीत बनलेला, काळा, जड. आईने तो हातात घेऊन वजन पाहिले आणि म्हणाली, "एवढ्यात चांगलं पितळी पातेलं आलं असतं." मग त्याचा आवाज ऐकून तिने पातेल्याचा विषय पुन्हा काढला.

दादा तेव्हा नोकरी सांभाळून एका ऑर्केस्ट्रात वाजवीत असे. १९७५ च्या गणेशोत्सवात आमच्या पेठेतल्या मांडवात त्याने पहिल्यांदा हा पायडल दाबला. लोकांना वाटले, कर्णा बिघडला. मंडळाचे एक कार्यकर्ते धावत येऊन अॅम्प्लिफायरचे बटण बंद करू लागले. दादा त्यांचा हात धरून गाणे तसेच वाजवीत राहिला. म्हणजे हात त्यांना अडवण्यात गुंतला होता आणि पाय एकटाच 'वा वा' करीत होता. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या भावाने मोठे काहीतरी केले, असे मला वाटले. ते काय, हे मात्र मला पुढे पन्नास वर्षे कळले नाही, आणि इथेच माझी चूक सुरू होते.

भऱ्याला पाऊस काही साधा नसतो. चार महिने कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. पायडलाने या दमटपणाची तक्रार मांडली. मधोमध एका ठिकाणी पाय आला की 'खर्र' असा आवाज येई. तसा तो पूर्वीही थोडा येत असे. आता तो फार झाला. कारण सोपे होते. पॉटच्या आत कोळशाच्या मिश्रणाची एक वाट असते आणि तिच्यावरून एक टोक घासत जाते. पायाने दाबायच्या यंत्रात ती वाट दररोज शेकडो वेळा घासली जाते, झिजते, तीत धूळ बसते.

मी ठरवले, या भाऊबीजेला आपणच भावाला ओवाळणी घालायची. दादाला न सांगता मी पायडल पुण्याला आणला आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका सज्जन गृहस्थांना दिला. त्यांनी विचारले, "काय काय करू?" मी म्हटले, "सगळं नवं करा. खर्चाची काळजी करू नका." हे वाक्य बोलताना मला जी ऐट वाटली, तिची आठवण आज नको वाटते.

भाऊबीजेला पायडल परत आला. ओवाळून झाल्यावर दादाने तो वाजवून पाहिला. खर्र नाही, कुरकुर नाही. "छान झालंय गं," तो म्हणाला. "अगदी नव्यासारखं." मी खूश होऊन चकल्या खाल्ल्या आणि घरी आले.

चैत्रात दादाचा नातू माझ्याकडे आला होता. तोही गिटार वाजवतो. मी सहज विचारले, "आजोबा वाजवतात का रे अजून?" तो म्हणाला, "गिटार वाजवतात. वावा नाही वाजवत. कापडात गुंडाळून ठेवलाय. आणि आत्याआजी, तुला सांगू नको म्हणालेत."

पोरे ही अशी विश्वासू असतात.

मी त्याच रविवारी भऱ्याला गेले. दादा आढेवेढे घेऊ लागला. "अगं, वय झालं, पाय दुखतो." शेवटी वहिनीच स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर आल्या. पन्नास वर्षे ज्यांनी त्या पायडलाला 'तुमचं रडकं' यापलीकडे नाव दिले नाही, त्या म्हणाल्या, "वन्सं, खरं सांगू का? ते आता रडतच नाही. नुसतं तोंड उघडतं आणि मिटतं."

वहिनी गाणे शिकलेल्या आहेत. त्यांच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. त्यांनी मला जवळ बसवून तो दाखवला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग तारांनी घासून झिजतो, मग तंबोरा बसका बोलतो. कारागीर तो पुन्हा घासून नीट करतो, त्याला जवारी काढणे म्हणतात. "जवारी मी किती वेळा काढून घेतली असेल," वहिनी म्हणाल्या. "ती झिजायचीच. पण जवारी गेली म्हणून कुणी भोपळा बदलतं का? तुम्ही भोपळा बदलून आणलात."

मी निमूटपणे पायडल उचलला आणि पुन्हा बुधवार पेठ गाठली. त्या गृहस्थांचे उपकार असे, की त्यांनी काढलेले जुने भाग एका पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून जपून ठेवले होते. जुनी वस्तू फेकायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी झाकण उघडून मला सगळे समजावून सांगितले. आत फारसे काही नसते. एक दातेरी पट्टी, ती फिरवते ते दातेरी चाक, चाकावरचा पॉट, दोन ट्रान्झिस्टर, मूठभर बारीक भाग, नऊ व्होल्टची बॅटरी आणि तारेचे एक वेटोळे. त्याला कॉइल म्हणतात. आवाजातला कोणता पट्टा उचलला जाईल आणि तो किती टोकदार होईल, हे बरेचसे या कॉइलवर असते. तारेचे वेढे, आतल्या गाभ्याचा गुण, यांत थोडा फरक झाला की आवाजाचा स्वभाव बदलतो. जुन्या पायडलांतले हे भाग इतके अचूक मोजून बनलेले नसत, म्हणून एकाच कारखान्यातले दोन पायडलही सारखे बोलत नाहीत. गिटारवाले दहा-दहा पायडल वाजवून त्यातला एक उचलतात, तो याचसाठी. काही जुन्या कॉइलची तर जगभर शोधाशोध चालते. त्यातल्या एका जातीला 'हेलो', म्हणजे देवाच्या मस्तकामागची प्रभावळ, असे नावच पडले आहे.

"आणि पॉट?" मी विचारले.

"मी साधा बसवला होता," ते म्हणाले. "तो सगळीकडे सारखा चढतो. मूळचा तसा नव्हता. त्याचा चढ मधे एकवटलेला असतो, म्हणून पाय मधून जाताना 'वा' नीट उमटतो. साध्या पॉटात तो एका टोकाला गोळा होतो." गिटारच्या पायडलाचे काम आपल्याकडे नेहमी येत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दोष त्यांचा नव्हता. 'सगळं नवं करा' हे मी म्हटले होते.

जुनी कॉइल परत बसली. जुन्या पॉटचे काय करायचे, हा प्रश्न उरला. तो साफ करून पाहिला, तर खर्र बरीच कमी झाली. पण वाट एका ठिकाणी पार झिजलेली. नातवाने योग्य चढाचा नवा पॉट बाहेरून मागवता येतो असे शोधून काढले. या वेळी मी शहाणी झाले होते. मी दादाला विचारले.

तेव्हा दादाने जे सांगितले, ते मला १९७५ मध्येच कळायला हवे होते. तो पायडल त्याच्याकडे आला तोच वापरलेला. मधली खर्र पहिल्या दिवसापासून होती. नवीन पॉट तेव्हा मिळणे शक्य नव्हते. म्हणून तो त्या जागेपाशी पाय किंचित थबकवी आणि मग झटकन पलीकडे नेई, म्हणजे खर्र ऐकू येण्याआधीच मागे पडे. त्या थबकण्यामुळे त्याच्या वाजवण्याला एक झोक आला होता. ऑर्केस्ट्रातले लोक त्याला दादाची ढब म्हणत. त्याने कुणाला खरे कारण सांगितले नव्हते.

"मग जुनाच पॉट ठेवू या," मी म्हटले. मला वाटले, आता मला मर्म कळले.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही. कॉइल राहू दे. तो त्याचा गळा आहे. पॉट नवा घाल. खर्र ही काही माझी हौस नव्हती गं, अडचण होती. पन्नास वर्षं मला तिथून सरळ पाय न्यायचा होता."

यंदाच्या गणपतीत आम्ही सगळे भऱ्याला होतो. संध्याकाळची आरती झाली, पाऊस जरा थांबला होता. दादाने ओसरीवर गिटार घेतली. पायडल बोलला, आणि शेजारच्या गोठ्यातले वासरू हंबरले. म्हणजे आवाज परत आला होता, यात शंका उरली नाही. मी त्याच्या पायाकडे पाहत होते. मधे आला की पाय थबके, मग झटकन पुढे जाई. तेथे आता खर्र नव्हती.

नातू म्हणाला, "आजोबा, आता तिथं थांबायला नको."

"मला माहीत आहे रे," दादा म्हणाला. "पायाला अजून सांगायचंय."

आणि त्याने तीच ओळ पुन्हा, जरा सावकाश, वाजवायला घेतली.