कुलूप उघडणारे कीं खिसा कापणारे?

चावी हरवून दाराबाहेर उभा राहिलेला मनुष्य आणि पेरणीच्या तोंडावर बियाणें नसलेला शेतकरी, ह्या दोघांची अवस्था एकच. दोघांनाही थांबतां येत नाहीं. ज्याला थांबतां येत नाहीं त्याच्याकडून वाटेल तो दर उपटतां येतो, ही गोष्ट सावकारानें फार पूर्वीं ओळखली होती. आतां ती कांहीं लबाड कुलूपवाल्यांनींही ओळखली आहे. आमच्या वाचकांचीं मुलें पोटासाठीं शहरांत खोल्या घेऊन राहतात, व खेड्यांतल्या घरांतही लोखंडी कपाटें आलीं आहेत. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ह्या लुबाडणुकीची रीत अशी. दार ओढलें गेलें, चावी आंत राहिली. घाबरलेला मनुष्य मोबाईलवर जवळचा कुलूपवाला शोधतो. पत्ता शेजारच्या आळीचा दिसतो, पण फोन घेणारा कोठें तरी दूर बसलेला दलाल असतो. समजा, तो ३०० रुपये सांगतो. मग जो इसम येतो तो कुलूप पाहून मान हलवितो व म्हणतो, ‘हें भारी जातीचें आहे, भोंक पाडल्याशिवाय उघडणार नाहीं.’ चांगलें कुलूप फोडून तो हलकें कुलूप बसवितो आणि ३००० मागतो. कुलूप फुटलेलें, रात्र झालेली. गरीब बिचारा मुकाट्यानें पैसे मोजतो.

हें आम्हीं पदरचें सांगत नाहीं. अमेरिकेंत हा धंदा इतका माजला कीं मार्च २०२५ मध्यें गूगल कंपनीनेंच नकाशावरील खोट्या दुकानांबद्दल तेथील न्यायालयांत फिर्याद केली. चौकशी सुरू झाली ती टेक्सासमधील एका धंदेवाल्याच्या तक्रारीवरून. परवाना नसलेला एक कुलूपवाला त्याचें नांव लावून धंदा करीत होता. आमच्याकडे निराळी तऱ्हा आहे. गल्लीबोळांतून फिरणारा भामटा कपाटाची चावी करून देण्याच्या मिषानें घरांत शिरतो, तेल आणा, पाणी आणा म्हणून बाईमाणसास आंत धाडतो, ‘दोन तास कपाट उघडूं नका’ असें बजावतो, आणि दागिने घेऊन पसार होतो. अशा फिर्यादी पोलिसांत वेळोवेळीं नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणून कुलूपवाल्यांची सारी जातच लबाड ठरवावी काय? मुळींच नाहीं. दाराच्या नेहमींच्या कुलुपांत पितळेच्या बारीक खुंट्या व त्यांवर स्प्रिंगा असतात. बरोबर चावी घातली कीं साऱ्या खुंट्या नेमक्या उंचीवर येतात व कुलूप फिरतें. जाणता कारागीर तारेसारख्या हत्यारानें त्याच खुंट्या एकेक करून जागीं आणतो. चावी करणारा कोरी चावी कुलुपांत दाबतो, तिच्यावर उमटलेल्या खुणा पाहतो आणि तेवढेंच कानशीनें घासतो. ही विद्या हाताची व डोळ्यांची आहे. तिची योग्य मजुरी देण्यांत कुरकुर करूं नये. भोंक पाडणें हा शेवटचा उपाय. जो आल्याबरोबर गिरमिट काढतो, त्याला एक तर विद्या येत नाहीं, किंवा नवें कुलूप खपवावयाचें असतें. आणि दलाल ज्यांच्या नांवावर जगतो त्या खऱ्या कारागिराचें पोट तो गिऱ्हाइकाच्या आधीं मारतो.

जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून, कागद वाचतां न आल्यानें शेतकरी कसा नागविला जातो हें दाखविलें. आज आमचीं मुलें वाचतात. पण कागद मागण्याची लाज अजून गेली नाहीं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पावती न देणें ही त्यांत अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. फसलेल्यास जेथें तो राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं, आणि वकीलही लागत नाहीं. १९१५ ह्या क्रमांकावर फोन करूनही तक्रार सांगतां येते. परंतु तक्रार करावयाची ती कोणावर? हातांत नांवाचा कागदच नसेल तर कायदा बिचारा काय करील!

तेव्हां बंधुभगिनींनो, एवढें करा. अडचण येण्यापूर्वींच आपल्या पेठेंतील, दुकान मांडून बसलेल्या, ओळखीच्या कारागिराचा क्रमांक लिहून ठेवा, आणि शहरांतल्या मुलांनाही तसें करावयास सांगा. जादा चावी विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्या. कामाला हात लागण्यापूर्वीं येण्याजाण्यासकट सारी रक्कम ठरवून घ्या. दर फिरला तर कुलुपास हात लावूं देऊं नका. कपाटाचें काम चाललें असतां तेथून हलूं नका, आणि तें त्याच्यादेखत उघडून पाहा. शेवटीं नांव, पत्ता व रक्कम लिहिलेली पावती घ्या.

पावती मागणें म्हणजे कोणाचा अपमान करणें नव्हे. प्रामाणिक कारागीर ती आनंदानें देईल, कारण त्याला उद्यांही त्याच पेठेंत बसावयाचें आहे. जो देण्यास कांकूं करतो त्यानें आपली ओळख आपणच दिली असें समजा, आणि त्याला दारांतूनच परत पाठवा.