कटकट नको, खात्री हवी

आपल्या मासिकाच्या खोलीत यंदा दोन नवे कीबोर्ड येणार आहेत. संपादक मंडळाने कॅडेट्सची मते मागवली आणि आमच्या हाउसमध्ये तीन दिवस दुसरा विषयच नव्हता. कुणाला रंगीत दिव्यांचा कीबोर्ड हवा, तर कुणाला व्हिडिओत ऐकलेला ‘थॉक’ आवाज हवा. मराठी पानाचे टायपिंग गेले वर्षभर मी करतो आहे, म्हणून माझे मत मांडतो. कीबोर्ड कानाने निवडू नये, बोटाने निवडावा. आणि शेजारी बसणाऱ्याचाही विचार करावा.

आधी फरक समजून घेऊ. लॅबमधल्या साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराची चादर असते. बटण दाबले की तिचा छोटा घुमट दबतो, खालचे थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. त्यामुळे प्रत्येक अक्षराला बोट जवळजवळ तळापर्यंत न्यावे लागते. रबर जुने झाले की चिखलातून चालल्यासारखे वाटते.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. त्यात जर्मनीच्या चेरी कंपनीचे स्विच सर्वांत प्रसिद्ध आहेत. बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटते. स्विचच्या जाती रंगावरून ओळखतात. लाल स्विच सरळ खाली जातो, त्याला सुमारे ४५ ग्रॅम जोर लागतो. तपकिरी स्विचमध्ये वाटेत एक छोटा उंचवटा लागतो, जोर सुमारे ५५ ग्रॅम. निळ्यात उंचवटाही आहे आणि ‘कट’ असा आवाजही. जोर सुमारे ६० ग्रॅम.

हा उंचवटा म्हणजे काय, हे ज्यांनी रायफल चालवली आहे त्यांना लगेच कळेल. ट्रिगरचा पहिला दाब संपतो तिथे बोटाला एक अडथळा जाणवतो. तो जाणवला की पुढे काय होणार हे बोटाला माहीत असते. तपकिरी स्विचचे तसेच आहे. लाल स्विच वेगवान असतो, गेम खेळणाऱ्यांना आवडतो. पण बोट नुसते टेकले तरी अक्षर उमटते. माझ्या ‘आणि’चे कितीतरी वेळा ‘आणिि’ झाले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांबरोबर नेहरू प्लेसला गेलो होतो. बाबा सैन्यात क्लार्क आहेत. ते गोदरेजच्या टाइपरायटरवर टायपिंग शिकले. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला, हे मला त्यांच्याकडूनच कळले. दुकानदाराने तीन कीबोर्ड समोर ठेवले. बाबांनी डोळे मिटले आणि तिन्हींवर एकच ओळ टाइप केली. लालवर ते थांबले.

“अरे, यात अक्षर उमटलं कधी तेच कळत नाही.”

निळ्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. मलाही तोच आवडला होता. तो आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ हा असाच कट वाजणारा कीबोर्ड. बिल बनवणाऱ्या दुकानदाराच्या काउंटरवर तो अजूनही दिसतो. शेवटी बाबांनी मला तसाच एक घेऊन दिला.

तो मी हाउसमध्ये आणला आणि इथेच माझी चूक झाली. डिसेंबरमध्ये मासिकाचे काम रविवारी रात्री संपवायचे होते. हाउस मास्टर सरांची परवानगी घेऊन मी डॉर्मिटरीशेजारच्या स्टडी रूममध्ये बसलो. भिंतीपलीकडे माझा एक मित्र ताप घेऊन झोपला होता. सकाळी तो एवढेच म्हणाला, “तू रात्री किती पानं लिहिलीस ते मला विचार.” मला माझा आवाज संगीत वाटत होता, त्याच्यासाठी ती शब्दशः कटकट होती. त्या दिवसापासून तो कीबोर्ड माझ्या ट्रंकेत आहे.

ड्रिलमध्ये उस्ताद म्हणतात, टाचेचा आवाज आला पाहिजे. बरोबर आहे, कारण तिथे सगळ्यांची टाच एकाच वेळी पडते. मासिकाच्या खोलीत चौघे चार वेगळ्या ओळी टाइप करतात.

आता ‘थॉक’विषयी. तो गंभीर, ठाशीव आवाज एकट्या स्विचचा नसतो. बटण तळाला आपटते, वर बटणाची टोपी, खाली पट्टी, बाहेर डबा आणि त्याखाली टेबल, हे सगळे मिळून तो आवाज तयार होतो. कीबोर्डखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून पाहा, आवाज लगेच बदलतो. व्हिडिओत तर माइक बटणांना चिकटून ठेवलेला असतो. अशा आवाजासाठी हजारो रुपये जास्त मोजणे मला पटत नाही. शिवाय महाग म्हणजे मेकॅनिकलच असेही नाही. जपानच्या टोप्रे कंपनीच्या महागड्या कीबोर्डमध्ये रबराचा घुमटच असतो. त्याखाली फक्त शंकूच्या आकाराची स्प्रिंग असते.

मराठी टाइप करणाऱ्याला मात्र चांगल्या बटणांची खरी गरज आहे. सरकारने ठरवलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द लिहायला १० बटणे दाबावी लागतात. त्यांतली दोन नुसत्या हलन्तची, आणि ‘ष’साठी शिफ्ट वेगळी. ख, ठ, थ यांनाही शिफ्ट लागते. प्रत्येक वेळी करंगळीला ६० ग्रॅम दाबायला लावले तर एका लेखानंतर ती कुरकुर करू लागते. शिवाय एक हलन्त निसटला तर जोडाक्षर फुटते आणि शब्दच बदलतो. म्हणून अक्षर उमटल्याची खात्री बोटाला मिळालीच पाहिजे.

माझी सूचना अशी. दोन्ही कीबोर्ड तपकिरी किंवा तशाच आवाज न करणाऱ्या, उंचवटा असलेल्या स्विचचे घ्यावेत. दिवे नकोत. त्या पैशांत बटणांवर इनस्क्रिप्टची मराठी अक्षरे मिळतात का ते पाहावे; न मिळाल्यास स्टिकर चालतील. खाली जाड मॅट घालावी. आणि विकत घेण्याआधी दोन-तीन कॅडेट्सना दुकानात नेऊन डोळे मिटून टाइप करायला लावावे. डोळे मिटले की दिवे दिसत नाहीत आणि किंमतही.

हे मी स्वतःसाठी मागत नाही. पुढच्या वर्षी माझी दहावीची बोर्ड परीक्षा आहे, त्यामुळे मला मासिकाचे काम सोडावे लागेल. सध्या हाउसमध्ये इनस्क्रिप्ट येणारा मी एकटाच आहे. हरियाणातल्या शाळेत मराठी पान टिकवायचे असेल, तर ते टाइप करणारी आणखी चार बोटे तरी तयार व्हायला हवीत. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी शनिवारी खेळानंतर मासिकाच्या खोलीत यावे. एफ आणि जे या बटणांवर छोटी उंच रेघ असते. मराठीत तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ येतात. आपण तिथूनच सुरुवात करू.